लॅपटॉप शिवताना माया ठेवा: ग्राफिक्स कार्ड बदलता येईल असा गेमिंग लॅपटॉप कसा असावा?

शाळेचा गणवेश शिवायला टाकताना आई शिंप्याला न चुकता सांगायची, "माया भरपूर ठेवा हो, पोरगी वाढतेय." माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. दोन वर्षांनी शिवण उसवायची, कापड सोडायचं, पुन्हा टीप मारायची. नव्या कापडाचा खर्च वाचायचा. मात्र ही माया पहिल्या दिवशी ठेवलेली असावी लागते. शिंप्याने कापड कापून टाकल्यावर उसवून काही उपयोग नाही.

हे आठवायला कारण झाला माझा भाचा. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वसतिगृहात राहतो. दिवाळीच्या सुट्टीत म्हणाला, "मावशी, बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये दोन स्क्रू काढले की नवं ग्राफिक्स कार्ड बसतं. मग दीड लाखाच्या गेमिंग लॅपटॉपमध्ये का नाही बसत? तीन वर्षांनी नवे गेम अडखळायला लागले की अख्खा लॅपटॉपच का बदलायचा?"

प्रश्न बरोबर आहे, आणि विचारायची वेळही बरोबर आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रेमवर्क या अमेरिकी कंपनीने त्यांच्या १६ इंची लॅपटॉपसाठी ग्राफिक्स चिपा बनवणाऱ्या एनव्हिडियाचं नव्या पिढीचं ग्राफिक्स मॉड्यूल, म्हणजे काढता-घालता येणारा सुटा भाग, जाहीर केलं. ते २०२४ साली विकलेल्या लॅपटॉपमध्येही बसतं. म्हणजे जुनं यंत्र, त्यात आधीच्यापेक्षा वेगळ्या कंपनीची, पुढच्या पिढीची ग्राफिक्स चिप. डेस्कटॉपवाल्यांना यात बातमी काय आहे तेच कळणार नाही. लॅपटॉपच्या दुनियेत मात्र असं जवळजवळ कधी घडत नाही. का घडत नाही, आणि घडवायचं असेल तर लॅपटॉप मुळातून कसा आखावा लागेल, ते इथे बघू.

आधी हे कार्ड करतं काय?

साध्या फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे एका चित्रात साधारण २० लाख ७३ हजार ठिपके. गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवत असेल, तर दर सेकंदाला बारा कोटींहून जास्त ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. उजेड कुठून येतोय, सावली कुठे पडतेय, पाण्यात काय दिसतंय, हे सगळं धरून.

लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. मुख्य प्रोसेसर हा आचारी. हुशार, अनुभवी, कुठल्याही अडचणीतून वाट काढणारा, पण एकटा. हजार पानं त्याला एकट्याला वाढायला लावली तर पहिल्या पानावरचा भात गार होईल. ग्राफिक्स चिप म्हणजे वाढप्यांची फौज. एकेकाचं काम साधं, पण हजारो जण एकाच वेळी वाढतायत. आणि कार्डावरची वेगळी मेमरी म्हणजे मांडवातच आणून ठेवलेली पातेली. पातेली पुरली नाहीत की वाढप्यांना दर खेपेला मागच्या मुदपाकखान्यात पळावं लागतं आणि पंगत खोळंबते. ८ जीबी मेमरीच्या कार्डावर नवे गेम मध्येच का अडकतात, याचं बहुतेक वेळा हेच उत्तर असतं.

डेस्कटॉपमध्ये जमतं ते लॅपटॉपमध्ये का अडतं?

बहुतेकांना वाटतं की अडचण खाचेची आहे. लॅपटॉपमध्ये खाच ठेवली की झालं. खाच हा या गोष्टीतला सर्वांत सोपा भाग. खरी अडचण उष्णतेची.

जुने पिवळे, तारेचे १०० वॅटचे दिवे आठवतात? दहा मिनिटं लागलेल्या दिव्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मध्यम गेमिंग लॅपटॉपमधली ग्राफिक्स चिप तेवढीच वीज खाते आणि जवळजवळ सगळ्या विजेची उष्णता करते. वरच्या मॉडेलमध्ये हा आकडा १७५ वॅटपर्यंत जातो. शेजारी प्रोसेसरचे पन्नास-साठ वॅट वेगळे. म्हणजे दोन बोटं जाडीच्या बंद डब्यात दीड ते अडीच दिवे, आणि तो डबा तुमच्या मांडीवर.

डेस्कटॉपचं कार्ड आपला संसार बरोबर घेऊन येतं: उष्णता खेचणाऱ्या नळ्या, धातूच्या पात्या, दोन-तीन पंखे. खोक्याने फक्त जागा आणि वीज द्यायची. लॅपटॉपमध्ये चिप मुख्य बोर्डावरच डाखलेली (सोल्डर केलेली) असते. तिच्यावरून गेलेल्या तांब्याच्या नळ्या पुष्कळदा प्रोसेसरवरूनही गेलेल्या असतात आणि पंखे दोघांचे मिळून असतात. चाळीतल्या सामायिक नळासारखं. एका बिऱ्हाडाने मोठी मोटर बसवली तर सगळ्या मजल्याचं गणित बदलतं. नवी चिप जरा मोठी असेल, तिच्या भोवतीच्या मेमरीच्या चिपा दोन मिलीमीटर सरकल्या असतील, तरी जुन्या नळ्या तिच्यावर नीट टेकत नाहीत. नीट टेकल्या नाहीत तर चिप तापते आणि जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करते. नव्या कार्डाचे पैसे गेले, वेग जुन्याचाच.

इथे एक शब्द शिकून घेऊ, कारण दुकानात तो उपयोगी पडतो. टीजीपी म्हणजे लॅपटॉप कंपनीने ग्राफिक्सच्या वाट्याला दिलेली कमाल वीज. मी त्याला वीजवाटा म्हणेन. आरटीएक्स ४०६० ही लॅपटॉपची एकच चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंतच्या वीजवाट्यावर विकली गेली. खोक्यावर नाव एकच, ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक. डेस्कटॉपचं आरटीएक्स ५०९० तर ५७५ वॅट खातं. त्याचा लॅपटॉपमधला नावबंधू १७५ वॅटच्या आत भागवतो, आणि आतली चिपही वेगळी, लहान असते. नाव सारखं ठेवण्यामागे कुणाचा फायदा आहे, ते मी सांगायला नको.

हे आधी कुणी करून पाहिलं नाही का?

पाहिलं की. वीस वर्षांपूर्वीच. २००४ च्या सुमारास एनव्हिडिया आणि काही लॅपटॉप उत्पादकांनी एमएक्सएम नावाचं मानक आणलं. मानक म्हणजे सगळ्यांनी पाळायचं ठरवलेलं माप. लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड छोट्या वेगळ्या पट्टीवर असेल आणि ते काढता-घालता येईल, अशी कल्पना. पुढच्या आवृत्तीतल्या मोठ्या पट्टीचं माप ८२ बाय १०५ मिलीमीटर. जाडजूड गेमिंग लॅपटॉपमध्ये या पट्ट्या बरीच वर्षं असायच्या. इतकंच काय, २००९ ते २०११ च्या आयमॅकमध्येही होत्या, आणि हौशी लोकांनी त्यात नंतरची कार्डं घुसवून जुने आयमॅक कितीतरी वर्षं पळवले.

मग बिघडलं कुठे? मानकाने पट्टीचं आणि खाचेचं माप ठरवलं, पण गारव्याचं नीट ठरलं नाही. पट्टी तुमची, वरच्या नळ्या लॅपटॉप कंपनीच्या. प्रत्येक कंपनी पट्टीवरचे भाग आपल्या सोयीने हलवायची, उंची बदलायची. शिवाय लॅपटॉपचं बायोस, म्हणजे यंत्र सुरू होताना सगळ्यात आधी जागं होणारं सॉफ्टवेअर, अनोळखी कार्डाला दारातच अडवायचं. आणि ही कार्डं दुकानात सुटी मिळायचीच नाहीत. डेस्कटॉपचं कार्ड पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर उभ्या-उभ्या घेता येतं, कारण ते विकणाऱ्या डझनभर कंपन्या आहेत. लॅपटॉपची चिप मात्र चिपवाला थेट लॅपटॉपवाल्याला विकतो. ग्राहक या व्यवहारात कुठेच नाही. लॅपटॉप पातळ करायची शर्यत लागली आणि एमएक्सएम हळूहळू औद्योगिक संगणकांपुरतं उरलं.

दुसरा मोठा प्रयत्न २०१९ चा. डेलच्या एलियनवेअरने एरिया-५१एम नावाचा अवजड लॅपटॉप आणला. त्यात डेस्कटॉपचा प्रोसेसर, बदलता येणारा, आणि ग्राफिक्ससाठी कंपनीचं स्वतःचं वेगळ्या आकाराचं कार्ड. ताकदीच्या मॉडेलला दोन-दोन चार्जर लावावे लागत. अपग्रेडची जाहिरात जोरात झाली. त्याच पिढीतलं खालचं कार्ड काढून वरचं घालायची सोय प्रत्यक्षात मिळालीही. पण पुढच्या वर्षी नवी कार्डं आली ती नव्या मॉडेलसाठी. जुन्यासाठी नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत एका ग्राहकाने दिशाभूल झाल्याचा आरोप करत दावा दाखल केला.

दोन्ही गोष्टींत खाच होती, स्क्रू होते, कार्ड निघत होतं. नव्हती ती माया. म्हणजे पुढच्या कार्डाला लागणारी जागा, वीज आणि गारवा आधीच राखून ठेवलेला नव्हता, आणि राखून ठेवू असं कुणी लेखी बांधूनही घेतलं नव्हतं.

मग बाहेरूनच का जोडू नये?

भाच्याचा लगेच पुढचा प्रश्न. डेस्कटॉपचं कार्ड वेगळ्या खोक्यात ठेवायचं आणि केबलने लॅपटॉपला जोडायचं. असे डबे मिळतात. २०१६ च्या आसपास त्यांची चांगली हवा झाली होती.

इथे अडतो तो रस्ता. कार्ड आणि प्रोसेसर यांच्यात माहितीची ये-जा ज्या मार्गावरून होते, त्याला पीसीआय एक्स्प्रेस म्हणतात आणि त्याच्या पदरांना खरोखरच लेन म्हणतात. चौथ्या पिढीची एक लेन सेकंदाला साधारण २ गीगाबाइट माहिती नेते. लॅपटॉपच्या आत ग्राफिक्सला बहुधा आठ लेन असतात, म्हणजे १६ गीगाबाइट. थंडरबोल्ट ही लॅपटॉपला बाहेरची यंत्रं जोडायची वेगवान जोडणी; तिच्या ३ किंवा ४ या आवृत्तीच्या केबलमधून ग्राफिक्सला मिळतात जेमतेम ४. द्रुतगती मार्गावरून सुसाट आलेल्या गाड्या घाटात येऊन एका रांगेत लागाव्यात, तसं. त्यातच चित्र लॅपटॉपच्याच पडद्यावर बघायचं असेल, तर तयार झालेलं चित्र त्याच घाटातून परत आणावं लागतं. डब्याला बाहेरचा मॉनिटर जोडला तर हे दुखणं कमी होतं.

थंडरबोल्ट ५ आणि ऑक्युलिंक नावाच्या जोडणीने हा घाट रुंद केलाय. दोन्हींत चार लेन, म्हणजे सुमारे ८ गीगाबाइट मिळतात. जो माणूस दिवसा ऑफिसचं काम करतो आणि रात्री एकाच टेबलावर गेम खेळतो, त्याला हे चांगलं आहे. पण डबा, त्याचा वीजपुरवठा, कार्ड, मॉनिटर एवढं घेऊन बसल्यावर माझ्यासारखी माणसं विचारतात: बाबा रे, मग सरळ डेस्कटॉपच का नाही घेतलास? वसतिगृहाच्या खोलीत तर डब्याला जागाही नाही. त्यामुळे हा उपाय मी बाजूला ठेवते.

मिक्सरच्या भांड्याचा धडा

आपल्या घरातल्या मिक्सरकडे बघा. चटणीच्या भांड्याचं पातं भांड्यातच असतं. झाकण त्याचंच, खालचा रबरी जोडही त्याचाच. मोटरने फक्त फिरायचं. पातं मोटरला जोडलेलं असतं, तर प्रत्येक भांड्यासाठी मिक्सर उघडावा लागला असता.

फ्रेमवर्कने हेच केलं. १६ इंची लॅपटॉपच्या पाठीमागे एक कप्पा आहे. ग्राफिक्सची चिप, तिची मेमरी, नळ्या, पात्या, पंखे असं सगळं एकत्र असलेला ठोकळा त्या कप्प्यात सरकवायचा. आधी एएमडी या दुसऱ्या चिप कंपनीचा आरएक्स ७७००एस आला, नंतर एनव्हिडियाचा आरटीएक्स ५०७०. ग्राफिक्स नको असेल त्या दिवशी नुसत्या पंख्यांचा रिकामा ठोकळा लावायचा. वजन साधारण २.४ किलोवरून २.१ किलोवर येतं. वर या कप्प्याची मापं आणि आराखडे कंपनीने सगळ्यांसाठी खुले ठेवलेत. एमएक्सएमने पट्टी बदलायला दिली, यांनी पट्टीबरोबर गारवाही बदलायला दिला. अख्खी गोम यात आहे.

आता कौतुक आवरतं घेते, कारण हिशेब करायला हवा. आधीचा ठोकळा १०० वॅटचा, ८ जीबी मेमरीचा. नवा ठोकळा १०० वॅटचा, ८ जीबी मेमरीचा. चिप नवी, मेमरी वेगवान, पण पातेली तेवढीच. २०२५ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपच्या ५०७० ला ८ जीबीच दिली, १२ जीबी हवी तर ५०७० टीआय घ्यावी लागायची. आणि कप्पा १०० वॅटच्या मापाने कापलेला असल्यामुळे त्याहून तगडी चिप पूर्ण वीजवाट्यावर त्यात चालवता येत नाही. जाहीर झाला तेव्हा किंमत सुमारे ७०० डॉलर. मिक्सरची दुसरी गोष्टही इथे लागू होते: एका कंपनीचं भांडं दुसऱ्या कंपनीच्या मिक्सरवर बसत नाही. हा ठोकळा जगात एकाच लॅपटॉपमध्ये बसतो. ती कंपनी उद्या बंद पडली तर तुमच्या घरात एक सुंदर, रिकामा कप्पा उरेल.

मी आखायला बसले तर

माझा आदर्श लॅपटॉप विजेपासून सुरू होतो, कारण नंतर बदलता न येणारी गोष्ट तीच.

यूएसबी-सीच्या तारेतून आता २४० वॅटपर्यंत वीज घेता येते. हे मानक २०२१ मध्ये आलं, त्याआधी मर्यादा १०० होती. चार्जर सगळ्यांचे एकसारखे असावेत म्हणून मी हीच तार धरते. वाटेत, वळवताना दहा टक्के वीज वाया जाते असं समजा. उरले २१६ वॅट. पडदा, मेमरी, पंखे, डिस्क यांना २० देऊ. प्रोसेसरला ५५. राहिले १४१. म्हणून माझ्या कप्प्याचा वीजवाटा १४० वॅट. पहिल्या वर्षी विकला जाणारा ठोकळा १०० वॅटचाच असू दे. ते वरचे ४० वॅट म्हणजे माया. तारा, जोड, बोर्डावरचे वीज वळवणारे भाग, सगळं १४० च्या मापाने पहिल्याच दिवशी बसवलेलं.

गारव्याची माया वेगळी लागते. ठोकळ्याची रुंदी आणि जोडाची जागा कायम, पण मागच्या बाजूला त्याने किती बाहेर यायचं याला मोकळीक. उद्याच्या चिपला जास्त पात्या लागल्या तर ठोकळा दोन सेंटीमीटर मागे वाढेल. लॅपटॉप थोडा बेढब दिसेल, दिसू दे. प्रोसेसरच्या नळ्यांचा ग्राफिक्सशी काही संबंध नको. दोन चुली, दोन धुराडी.

रस्ता पाचव्या पिढीच्या आठ लेनचा. आजची कार्डं त्याची निम्मी रुंदीही क्वचित वापरतील, पण रस्ता नंतर रुंद करता येत नाही, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. शिवाय ठोकळ्यातून पडद्यापर्यंत चित्राची थेट वाट हवी. अनेक लॅपटॉपमध्ये चित्र आधी प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सकडे जातं आणि तिथून पडद्यावर. वीज वाचवायला ही युक्ती छान, पण गेम खेळताना वेग खाते. दोन्ही वाटा ठेवायच्या आणि मध्ये सांधा बदलायची सोय, जशी रेल्वे रुळांना असते.

मेमरी ठोकळ्यातच डाखलेली राहील. ती वेगळी काढता येणारी हवी असं मलाही वाटतं, पण ग्राफिक्सची मेमरी इतक्या वेगाने बोलते की चिपपासून दोन-चार सेंटीमीटर लांब नेली किंवा मध्ये खाच घातली तरी संदेश बिघडतात. म्हणून सुरुवातीलाच १२ जीबीच्या खाली जायचं नाही, एवढाच माझा हट्ट.

आणि शेवटी कागद. कप्प्याचं माप, वीजवाटा, जोडाची रचना छापून खुली ठेवायची. कुठल्याही कंपनीने ठोकळा बनवावा, बायोसने तो अडवू नये. किमान सहा वर्षं हे माप बदलणार नाही, असं विक्रीच्या पावतीसोबत लेखी द्यायचं. इंजिनीअर मंडळींना हा भाग कंटाळवाणा वाटेल. पण आधीचे प्रयत्न फसले ते तांब्याच्या नळ्यांइतकेच या न लिहिलेल्या कागदामुळे.

"पण मग तो जाड होईल ना?"

होईल. काढता-घालता येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला भिंत लागते, जोड लागतो, स्क्रू लागतो. डाखलेल्या चिपला यातलं काही लागत नाही. तेवढ्याच ताकदीच्या पातळ लॅपटॉपपेक्षा माझा लॅपटॉप जड आणि थोडा लांब असेलच.

पण पातळ गेमिंग लॅपटॉप खरोखर किती वेळा विजेच्या तारेशिवाय खेळला जातो? विमानात परवानगीशिवाय १०० वॉट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेता येते, म्हणून मोठ्या लॅपटॉपच्या बॅटऱ्याही त्या आकड्याला टेकून थांबतात. यंत्र २०० वॅट खात असेल तर भरलेली बॅटरी अर्धा तास. प्रत्यक्षात लॅपटॉप आधीच हात आखडता घेतो आणि वेग कमी करतो. म्हणजे खेळायचं ते भिंतीजवळ बसूनच. मग जड भाग काढून खोलीत ठेवता येणं आणि हलकं यंत्र वर्गात नेता येणं, ही सोय मला पातळपणापेक्षा जास्त कामाची वाटते.

"पैसे तरी वाचतील का?"

इथे मी प्रामाणिक राहते. फार नाही वाचणार. समजा साधा गेमिंग लॅपटॉप सव्वा लाखाचा आणि तशाच ताकदीचा बदलता येणारा दीड लाखाचा. चार वर्षांनी साठ-सत्तर हजारांचा नवा ठोकळा. एकूण दोन लाख दहा-वीस हजारांच्या घरात. दुसरीकडे, साधा लॅपटॉप चार वर्षांनी तीस-चाळीस हजारांना विकला आणि पुन्हा सव्वा लाखाचा घेतला, तर खर्च दोन लाख दहा-वीस हजारच, आणि हातात नवा प्रोसेसर, नवी बॅटरी, नवा पडदा. हे आकडे माझे, उदाहरणापुरते, पण गणिताचा झोक असाच राहील.

फरक पडतो तो दोन ठिकाणी. एक, दुसरा किंवा तिसरा ठोकळा घेताना, किंवा कुणाचा वापरलेला ठोकळा स्वस्तात मिळाला तर. दोन, बिघाडात. माझ्या जुन्या लॅपटॉपची ग्राफिक्स चिप वॉरंटी संपल्यावर गेली. दुरुस्तीवाल्याने उघडून बघितलं आणि म्हणाला, "ताई, चिप बोर्डावरच आहे, अख्खा बोर्ड बदलावा लागेल." बोर्डाची किंमत ऐकून मी लॅपटॉप घरी आणून माळ्यावर टाकला. पडदा चांगला, कीबोर्ड चांगला, प्रोसेसर चांगला, आणि सगळं माळ्यावर. ठोकळा असता तर तेवढाच बदलला असता. आपल्या केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात इलेक्ट्रॉनिक वस्तूही आहेत. पण सुटा भाग मुळात अस्तित्वातच नसेल, तर हक्क घेऊन करायचं काय?

"सगळं एकाच चिपमध्ये जातंय, मग हा खटाटोप कशाला?"

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. एएमडीच्या रायझन एआय मॅक्स या चिपमध्ये प्रोसेसर आणि बऱ्यापैकी ताकदीचं ग्राफिक्स एकत्र आहे, आणि दोघं मिळून १२८ जीबीपर्यंतची एकच मेमरी वापरतात. आचारी आणि वाढपी एकाच पातेल्यातून घेतायत, ने-आण वाचली. सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने इंटेलमध्ये ५ अब्ज डॉलर गुंतवायचं जाहीर केलं. त्या करारात इंटेलचा प्रोसेसर आणि एनव्हिडियाचं ग्राफिक्स एकत्र असलेल्या चिपा बनवायचाही बेत आहे. वारं कुठे वाहतंय ते दिसतंच.

आणि गंमत बघा. २०२५ च्या फेब्रुवारीत फ्रेमवर्कने याच एएमडी चिपचा छोटा डेस्कटॉप जाहीर केला, तेव्हा मेमरी डाखलेलीच ठेवावी लागली. सगळं बदलता आलं पाहिजे या एका गोष्टीवर उभी राहिलेली कंपनी! एएमडीबरोबर बसून त्यांनी खटपट केली, पण एवढ्या वेगात खाचेतून संदेश नीट जाईनात.

म्हणजे भौतिकशास्त्र एकत्र आणण्याच्या बाजूचं आहे आणि ग्राहकाची सोय वेगळं ठेवण्याच्या बाजूची. मला वाटतं, हलके-मध्यम गेम खेळणाऱ्यांचा प्रश्न अशा एकत्रित चिपाच सोडवतील आणि त्यांना ठोकळ्याची गरज उरणार नाही. पण शंभर-दीडशे वॅटचं ग्राफिक्स ज्यांना हवं, त्यांची उष्णता एका ठिकाणी कोंबणं अवघडच राहील. तिथे पाठीमागचा कप्पा टिकेल, बनवणारे टिकले तर.

तोवर दुकानात काय विचारायचं?

माझा लॅपटॉप कागदावर आहे, तुम्हाला या महिन्यात घ्यायचाय. मग ग्राफिक्स बदलता येणार नाही हे गृहीत धरून, ते आजच जरा ढगळ मापाचं घ्या. चिपच्या नावाआधी वीजवाटा विचारा. पूर्ण वीजवाट्यावरची खालची चिप ही अर्धपोटी ठेवलेल्या वरच्या चिपच्या बरोबरीने, कधी पुढेही पळते. ग्राफिक्सची मेमरी ८ जीबीपेक्षा जास्त परवडत असेल तर तिथे पैसे घाला, दिव्यांच्या कीबोर्डवर नाही. साधी रॅम आणि डिस्क काढता येते का, ते बघा. तेवढी तरी माया बऱ्याच मॉडेलमध्ये असते. पडद्यापर्यंत चित्राची थेट वाट आहे का, हेही विचारा. दुकानदाराला "मक्स स्विच आहे का" म्हटलं की कळतं. आणि "अपग्रेड करता येईल" असं कुणी म्हणालं, तर कुठला भाग, कुणाकडून आणि किती वर्षं, हे पावतीवर लिहून मागा.

भाच्याने हे सगळं ऐकलं आणि गेमिंग लॅपटॉप घेतलाच नाही. कॉलेजसाठी साधा, हलका लॅपटॉप घेतला आणि उरलेल्या पैशातून बाबांच्या डेस्कटॉपसाठी कार्ड. आम्ही दोघं तपकीर गल्लीत जाऊन ते घेऊन आलो. बसवायला वीस मिनिटं लागली, त्यातली पंधरा आतली धूळ काढण्यात गेली.